मला जर्मन येत नाही, फक्त प्रश्न येतात

आमच्या घरात जुन्या लग्नपत्रिका कधी टाकून देत नाहीत. मागची बाजू कोरी असते, किराणाची यादी लिहायला बरी पडते. तर गेल्याच्या गेल्या वर्षी अशा चाळीसेक पत्रिकांच्या पाठीवर माझ्या भाचीने जर्मन प्रश्न लिहून काढले, देवनागरीत, माझ्यासाठी. पुढे गणपती आणि ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, मागे ‘हास्ट डू आलेस आइनगेपाक्ट?’ म्हणजे सगळं भरलंस का. अजून ते गठ्ठ्याने देवघराच्या खालच्या ड्रॉवरमधे आहेत, रबर लावून.

भाची निफाडकडची. नर्सिंग झालं, नाशकात एका हॉस्पिटलमधे ड्यूटी लागली, राहायला आमच्याकडे इंदिरानगरला, आणि ड्यूटी संपली की कॉलेज रोडला जर्मनचा क्लास, कारण नर्स म्हणून जर्मनीला जायचं होतं. आमच्या घराला जर्मन तशी अगदीच परकी नाही बरं का, सासरे मायकोत, म्हणजे जर्मन बॉशच्या इथल्या कंपनीत होते. २००८ पासून कंपनीचं नाव बॉश झालं तरी नाशिककरांसाठी ती मायकोच आणि त्रिंबक रोडचं ते सर्कल मायको सर्कलच. सासऱ्यांना सगळी मिळून एकच जर्मन गोष्ट यायची, ‘आल्लेस क्लार’, म्हणजे सगळं ठीक. गॅस सिलेंडर बदलून झाला की म्हणायचे, श्राद्धाचं पान वाढून झालं की म्हणायचे. घरातली जर्मन परंपरा एवढीच.

जर्मनच्या पातळ्या असतात, त्यातल्या बी-१ च्या परीक्षेत बोलायचा जो भाग असतो तो जोडीने द्यायचा असतो. आधी पंधरा मिनिटं तयारीला देतात, मग साधारण पंधरा मिनिटं बोलायचं, आणि त्यातला पहिलाच तुकडा काय, तर दोघांनी मिळून कशाचं तरी प्लॅनिंग करायचं. समजा क्लासमधली एक जण गाव सोडून चाललीय, तिला निरोपाची पार्टी द्यायचीय, तर कधी, कुठे, कोण काय आणणार, पैसे कोण देणार. म्हणजे परीक्षेसाठी जी तयारी करायची ती पण तयारी कशी करायची याचीच. भाचीची क्लासमधली जोडीदारीण साखरपुडा ठरला म्हणून क्लास सोडून गेली आणि ही पडली एकटी. दोन दिवस आरशासमोर बोलली, तिसऱ्या दिवशी ओट्याशी येऊन उभी राहिली. मावशी, तू नुसते प्रश्न विचार, उत्तरं मी देते.

मी सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, घरी यायला साडेसहा, मग स्वयंपाक, जेवणं, ओटा आवरेस्तोवर साडेनऊ. साडेनऊ ते साडेदहा आमचा जर्मनचा तास. मी पत्रिका उचलायची, वाचायची, ती उत्तर द्यायची. उत्तर बरोबर का चूक हे मला कळायचं नाही, पण ती अडखळली की तेवढं कळायचं.

पहिला धडा च चा. जर्मनमधे ज़ेड लिहिलेला असला की त्स म्हणायचं, आणि क्लासमधल्या काही मुलांना ते जमत नव्हतं. मला पहिल्या फटक्यात जमलं कारण तो आपला चुलीतला च आहे, चमच्यातला च. भाची एवढी खूश झाली की तिने व्हॉट्सअपवर क्लासच्या ग्रुपला ‘माझी मावशी’ म्हणून ऑडिओ टाकला. ऊ चा एक प्रकार मात्र दमवून गेला, ओठ ऊ चे करायचे आणि आतून ई म्हणायचं, आमचे हे हॉलमधून विचारायचे दात दुखतोय का.

आता प्रश्न. ‘बिस्ट डू फेर्टिश?’ हा पहिला कार्ड. झालं का तुझं. मला वाटलं म्हणजे तयार आहेस का. तर नाही, तयार आहेस का साठी दुसरा शब्द, ‘बेराइट’. फेर्टिश म्हणजे हातातलं काम संपलं, बेराइट म्हणजे सज्ज, आता चला. आणि वर ‘फिक्स उंट फेर्टिश’ म्हटलं की जीव गेलाय, पार गळून गेलेय असा अर्थ. हे मला आवडलं, कारण आपल्याकडे झालं माझं म्हणताना दोन्ही असतंच की, काम पण झालेलं असतं आणि आपण पण झालेलो असतो.

आपला ‘तयार’ शब्द मी त्यानंतर जरा नीट बघायला लागले. आंबा तयार होतो, पैलवान तयार होतो, गाणाऱ्याचा गळा तयार असतो, नवरी तयार होते, बिल तयार असतं. एकाच शब्दात एवढं सगळं. भाची म्हणे जर्मनमधे पिकलेल्या आंब्याला वेगळा शब्द, सजलेल्या नवरीला वेगळा, आणि तयारी करणं याला सुद्धा दोन, परीक्षेची असेल तर ‘फोरबेराइटन’, खायचं काही बनवायचं असेल तर ‘त्सूबेराइटन’. आणि परीक्षेची तयारी आपण करतो तशी ते करत नाहीत, ते स्वतःला तयार करतात. ‘हास्ट डू दिश गूट फोरबेराइटेट?’ त्यातला तो दिश म्हणजे तुला स्वतःला. स्वतःला नीट तयार केलंस का. रात्री दहाला डोळ्यावर झोप असताना असा प्रश्न मोठ्याने वाचला की उत्तरासाठी आपल्याकडे कुणी बघत नाहीये ना, असं वाटतं.

मी व्याकरण शिकले नाही, तरी काही गोष्टी विचारून विचारून कळल्याच. आपण प्रश्न शेवटी करतो. ‘तू पासपोर्ट घेतलास’ इथपर्यंत ते साधं वाक्य असतं, मग मनात शंका आली की मागे ‘का’ लावायचा, झाला प्रश्न. तोंड उघडल्यावर सुद्धा ठरवायला वेळ असतो. जर्मनमधे क्रियापद उचलून आधी पुढे ठेवावं लागतं, ‘हास्ट डू डेन पास आइनगेपाक्ट?’ म्हणजे तोंड उघडायच्या आधीच आपण विचारतोय हे पक्कं हवं. पण खरं काम करणारा शब्द, ते भरलंस, तो मात्र शेवटीच येतो, अगदी आपल्यासारखा. इंग्लिशवरून जर्मन शिकणाऱ्याला ते शेवटपर्यंत थांबणं जड जातं म्हणे. आपल्याला काय, आपलं सगळं शेवटीच असतं.

आणि ‘नोख’! ‘नोख निश्त’ म्हणजे अजून नाही. ‘नोख दा’ म्हणजे अजून आहे. ‘नोख आइन ब्रोट’ म्हणजे अजून एक ब्रेड. अजून नाही, अजून आहे, अजून दे, तिन्ही ठिकाणी आपला ‘अजून’ आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा नोख. इंग्लिशमधे तीन वेगळे शब्द लागतात. हे कळलं त्या रात्री मी भाचीला म्हटलं, हे लोक आपले कुणीतरी लागतात. वेळेचं पण तसंच. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे शब्दाला शब्द लावला तर अर्धा तीन, पण वेळ अडीचची. क्लासमधे सगळे याला फसतात, साडेतीन लिहून येतात. पण आपला अडीच तरी दुसरं काय आहे, संस्कृतमधला अर्धतृतीय, तिसरा अर्धा, तोच घासत घासत अडीच झाला. आपण रोज वापरतो आणि विसरून गेलोय, एवढंच. एकवीसला ते एक-आणि-वीस म्हणतात, आधी एकक, तेही आपल्याच चालीचं. २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, तेव्हा जर्मन माणसाला विचारायला हवं होतं.

हो, मॅक्सम्युलर भवन म्हणतो ना आपण पुण्यातल्या त्या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला, खरं नाव गोएथे इन्स्टिट्यूट, फक्त भारतात हे नाव. जर्मन पंडित मॅक्सम्युलरनी ऋग्वेद छापून काढला, सहा खंड, १८४९ ते १८७४, पण भारतात आले नाहीत कधीच. एवढी तयारी करून न निघालेला माणूस. असो.

तर ‘कोण काय आणणार’ या कार्डावर आमचं गाडं अडलं. ‘वेर ब्रिंग्ट वास मिट?’ मी विचारायचं आणि तिने म्हणायचं मी सॅलड आणते, तू पेयं आण. वाक्य साधं पण तिच्या तोंडून निघेना. कारण आपल्याकडे हा प्रश्न असतो, पण त्याला उत्तर नसतं. ‘काही आणू का?’ ‘छे छे काही नको, नुसते या.’ आणि मग विचारणारा पेढे घेऊन जातोच आणि घेणारा कशाला आणलं म्हणतोच. क्लासच्या मॅडमनी सांगितलं की तिकडे कुणी विचारलं काही आणू का आणि तुम्ही नको म्हणालात तर तो खरंच हात हलवत येईल, त्याची चूक नाही, तुम्ही नको म्हणालात. भाचीला हे फार लागलं. दोन दिवस ती घरात प्रॅक्टिस करत होती, आमच्या ह्यांना म्हणे काका, येताना दूध आणि अर्धा किलो दोडके. हे बिचारे नुसतंच जाऊन येतो म्हणाले होते.

त्याच गठ्ठ्यात एक कार्ड होतं, ‘वास म्युसन वीअर नोख बेज़ॉर्गन?’ अजून काय काय आणायचं राहिलंय. त्या बेज़ॉर्गनच्या पोटात ‘ज़ॉर्ग’ आहे आणि ज़ॉर्ग म्हणजे काळजी. बाजारातून जिन्नस आणून ठेवणं म्हणजे काळजी घेणंच, हे ज्याने कुणी शब्द केला त्याला कळलेलं होतं. माझ्या आईचं अख्खं आयुष्य या एका क्रियापदात गेलं.

आता एक कबूल करते. सुरुवातीला मला वाटायचं की जर्मन नेमकी आणि आपण मोघम. ‘झाली का तयारी?’ हा आपला आवडता प्रश्न, यात कशाची ते नाही, किती ते नाही, आणि उत्तर पण ‘होतेय’. सध्या तर सगळं नाशिक हेच विचारतंय, २०२७ च्या सिंहस्थाची तयारी कुठवर आली, आणि उत्तर म्हणून जो तो समोरचा खोदलेला रस्ता दाखवतो. पण मग रात्री भाचीच्या वडलांचा फोन यायचा, स्पीकरवर. ते द्राक्षाच्या मळ्यातल्या माणसाशी आणि हिच्याशी एकाच वेळी बोलत. त्या माणसाला काय विचारायचे? व्हॉल्व्ह फिरवला का, तिसऱ्या ओळीला पाणी पोचलं का, उरलेलं औषध कुठं ठेवलं, झाकण लावलं का. एकेक वस्तू नाव घेऊन. आणि हिला विचारायचे, काय मग, चाललीय ना तयारी? ती म्हणायची हो पप्पा. संपला फोन.

म्हणजे भाषेचा दोष नाहीये. बायका ओट्यापाशी काय विचारतात ऐका ना, साबुदाणा भिजवला का, विरजण लावलं का, कणकेला मीठ घातलं का. मोघम कुठेय यात? द्राक्षाला आणि साबुदाण्याला आपण नेमकं विचारतो, माणसाला मात्र तयारी झाली ना. त्या शेवटच्या ‘ना’ मधेच हो भरलेला असतो, समोरच्याने फक्त उचलून परत द्यायचा.

याच ‘ना’ ने २०१९ मधे माझा घात केला होता. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं, शहरातल्याच एका हॉस्पिटलमधे. सकाळी वॉर्डात एक पोरगी आली, हातात पॅड, म्हणाली मावशी झाली ना तयारी, उपाशीच आहात ना. म्हटलं हो. खरंच उपाशी होते, नुसता चहा घेतला होता. आता तुम्हीच सांगा, चतुर्थीला चहा चालतो, एकादशीला चालतो, उपासाला चहा चालत नाही असं घर दाखवा मला. थिएटरच्या दारात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं, आणि मी म्हटलं चहा, सातला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं. त्या पोरीला माझ्यासमोर बोलणी बसली. ती खोटं बोलली नव्हती, मी पण नाही.

हे मी भाचीला सांगितलं तर ती उठून बॅगेतून वेगळीच वही घेऊन आली. बी-२ च्या वेळी आणि पुढे कामावर लागणारे हॉस्पिटलचे प्रश्न, तिने आधीच उतरवून ठेवले होते. ‘ज़िंट ज़ी न्युष्टर्न?’ आपण उपाशीपोटी आहात का. यातला न्युष्टर्न म्हणजे पोट रिकामं, पण गंमत अशी की न्युष्टर्न म्हणजे दारू न प्यालेला, शुद्धीवर असलेला असंही होतं. आणि त्याच्याच खाली दुसरा प्रश्न, ‘वान हाबेन ज़ी त्सुलेत्स्ट एत्वास गेगेसन ओडर गेट्रुंकन?’ शेवटचं कधी काही खाल्लं किंवा प्यायलं. किंवा प्यायलं! ते ‘ओडर गेट्रुंकन’ वाचताना मला पॅड धरलेली ती पोरगी आठवली.

मग त्यापुढचे. दागिने काढलेत का, कवळी आहे का, सहीचा कागद दिलात का, कसली ॲलर्जी. सगळे ‘ज़ी’ लावून, म्हणजे आपण-तुम्ही करून. भाचीला इथे एक वेगळीच अडचण होती. नाशकात ती पेशंटला आजी म्हणते, बाबा म्हणते, मावशी म्हणते, निम्मी भीती तिथेच जाते. तिकडे आजी म्हणायची सोय नाही, फ्राउ अमुक आणि हेअर तमुक, म्हणजे श्रीमती अमुक आणि श्रीयुत तमुक. ती म्हणायची, मावशी, आजी न म्हणता कवळी काढा कसं सांगायचं गं? मी म्हटलं मला म्हणून बघ. मग तीन-चार रात्री मी पलंगावर आडवी आणि ती शेजारी उभी राहून मला फ्राउ आणि आमचं आडनाव लावून माझे नसलेले दागिने काढायला सांगत होती. ह्यांनी दार लोटून घेतलं.

आणि ‘डोख’ राहिलाच की. नकारार्थी प्रश्नाला आपलं उत्तर कायम लटकतं. ‘चहा नाही ना घेतलास?’ ‘हो.’ हो म्हणजे घेतला, का हो म्हणजे नाही घेतला? जर्मनमधे घेतला असेल तर हो चालतच नाही, डोख म्हणायचं. म्हणजे घेतला की! आपला जो ‘की’ आहे ना, ‘घेतलाय की’, ‘आलोय की’, तोच तो. पत्रिका वाचताना मी मुद्दाम उलटे प्रश्न टाकायचे, अजून झालं नाही का, अजून भरलं नाही का, आणि ती ओरडायची, डोख! खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं डोकं कुणाचं दुखतं एवढं.

परीक्षा पुण्याला होती. आदल्या दिवशी दुपारच्या बसने निघाली, दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, चाकणला नेहमीचं ट्रॅफिक. मी स्टँडवर सोडायला गेले. बस लागलेली, कंडक्टर दार वाजवतोय, आणि मी खिडकीखालून, ह्यांच्या भाषेत सांगायचं तर भर स्टँडवर, हास्ट डू डेन पास? हास्ट डू वासर? हास्ट डू गेल्ट? म्हणजे पासपोर्ट, पाणी, पैसे आहेत का. शेजारच्या सीटवरचा माणूस कानातलं काढून बघायला लागला. ती प्रत्येकाला मान डोलावत होती. बस हलल्यावर माझ्या लक्षात आलं की गूट फोरबेराइटेट का हे विचारलंच नाही. बरं झालं.

पास झाली. प्रत्येक भागात शंभरातले साठ लागतात, तिला बोलण्यात त्र्याऐंशी पडले. मग बी-२, मग कागदपत्रं, व्हिसा, त्या सगळ्याबद्दल लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. आता ती तिकडे एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमधे आहे. एका आजींनी, म्हणजे फ्राउ कुणीतरी, तिला स्वतःहून मला डू म्हण, म्हणजे अगं-तुगं कर, असं सांगितलं तेव्हा तिने मला रात्रपाळीतून फोन केला होता.

या जानेवारीत ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. बाराची वेळ दिली होती, निघायचं आठला. सहा वाजता भाचीचा व्हिडिओ कॉल, तिकडे रात्रीचा दीड, मागे कॉरिडॉरचा पांढरा उजेड. म्हणाली काकांना दे. आणि एकदम तो कामावरचा आवाज लावून, हेअर वगैरे म्हणून, ज़िंट ज़ी न्युष्टर्न? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं विचारतेय न्युष्टर्न आहात का. दुसरा अर्थ ह्यांच्या चांगला लक्षात राहिलेला, म्हणाले अगं मी आयुष्यात कधी घेतलीय का!

ती हसली. मी हसत होते, पण माझी नजर सिंककडे गेली. जाळीत दोन कप पालथे होते. माझा आदल्या रात्रीचा, कोरडा. दुसऱ्याच्या कडेला पाणी होतं.

मी पत्रिकेशिवाय विचारलं, सगळंच्या सगळं, वान हाबेन ज़ी त्सुलेत्स्ट, अगदी गेट्रुंकनपर्यंत. ह्यांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण म्हणाले, साडेपाचला. अर्धाच कप. भाचीने तिकडून विचारलं दुधाचा का. दुधाचा. ती जरा थांबली, म्हणाली मावशी, गेल्या गेल्या सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक मुलगा होता, फाइल उघडून, मान वर न करता म्हणाला, काय काका, झाली ना तयारी सगळी?

मी म्हटलं, साडेपाचला अर्धा कप दुधाचा चहा झालाय, लिहून घ्या.